लाल बटणात कोड कुणी भरला

चाचा, आज दुपारी माझ्या दुकानात तुमच्या दुकानातून विकलेला एक रिमोट आला. काळा, लांबट, मागच्या झाकणाला रबरबँड, आणि वरच्या कोपऱ्यातल्या लाल बटणावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. तो तुकडा तुम्ही स्वतः दातानं तोडून लावला होता, मी समोर उभी होते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी पट्टी बसलेली आहे, कडा तेवढ्या काळवंडल्यात. टीव्ही बिघडून परत दुकानात यावा म्हणून तुम्ही गिऱ्हाइकांच्या रिमोटमध्ये मुद्दाम खोड भरून ठेवता, असा आळ मी तुमच्यावर घेतला तो याच रिमोटवरून. आळ खरा होता की खोटा, हे आज मला या रिमोटलाच विचारता येणार होतं. तेव्हा विचारता येत नव्हतं, कारण कसं विचारायचं ते तुम्ही शिकवलंच नव्हतं.

मी संशयी आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण हा गुण मी घरून आणला नव्हता, तो मला विजापूर वेशीतल्या तुमच्या त्या दहा बाय आठच्या दुकानात लागला. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स करून मी सोलापुरातली निम्मी दुकानं पालथी घातली होती. सगळ्यांना काउंटरवर बसणारी पोरगी हवी होती, सोल्डरिंग करणारी नको होती. तुम्ही एकट्यानं विचारलंत, "हाथ कांपता क्या?" मी हात पुढं केला. तुम्ही तळहातावर मल्टीमीटर ठेवला, काटा थरथरतो का ते चष्मा वर करून बघितलं आणि म्हणालात, "बैठ." पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला धंद्याचं मूळ सांगून टाकलंत: "रिमोट चलता नई बोले तो पैले सेल देखना, बाद में गिऱ्हाईक देखना." गिऱ्हाईक म्हणायचं, काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला. तुम्ही रिमोट नाकाला लावायचात आणि "चाय" म्हणायचात, नाहीतर "खोबरेल." गिऱ्हाईक ओशाळायचं, मला हसू आवरायचं नाही. सहा महिन्यांत मीही वास घ्यायला लागले. घरी आईनं "मी जेवले" म्हटलं तरी पातेल्यावरचं झाकण उचलून बघायला लागले.

त्या वेळी टीव्हीचा मूळचा रिमोट हरवला, पोरांनी चघळला किंवा पलंगामागं पडून फुटला की लोक आपल्याकडं यायचे आणि आपण त्यांना सगळ्या कंपन्यांना चालणारा रिमोट द्यायचो. त्यात त्या त्या टीव्हीचा तीन आकडी कोड भरायचा. एवढं कुणालाही येतं, रिमोटच्या खोक्यात यादीच असायची. पण तुमच्याकडं त्या यादीत नसलेले कोड होते. सेट बटण दाबून धरायचं, दिवा दोनदा लुकलुकला की नऊशे चौऱ्याण्णव, मग कामाचा कोड, आणि शेवटी ते काम ज्या बटणावर बसवायचं ते बटण. असं केलं की टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवर नसलेली कामंसुद्धा करून घेता यायची. सगळ्यात आतलं काम म्हणजे सर्व्हिसचा तक्ता. पडद्यावर हिरव्या अक्षरांत तो उघडला की चित्राची रुंदी, रंग, आवाजाची मर्यादा, सगळं मेकॅनिकच्या हातात. आणि त्यात अडाण्याचा अंगठा पडला तर चित्र आकसून पोस्टकार्डाएवढं होणार, नाहीतर रंगच जाणार.

हे सगळं मी तुमच्या पाठीमागून चोरून शिकले. तुम्ही सरळ काही दाखवलं असतंत तर ना! तुमचा एक दुकानाचा रिमोट होता, गिऱ्हाइकाचा टीव्ही आला की तुम्ही तो घेऊन पडद्याकडं तोंड आणि माझ्याकडं पाठ करायचात. कोडांची वही बुडाखालच्या गादीत. तीही उर्दूत, म्हणजे हाती लागली असती तरी मला काय डोंबल कळणार होतं. एकदा मी तो रिमोट पुसायला म्हणून उचलला, तर तुम्ही माझ्या हातावर फटकाच मारलात. "उसकू हाथ नक्को. उसमें सब है." फटका लागला नाही, पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी चोवीस वर्षांची होते, चाचा. लाज वाटली आणि रागही आला. म्हातारा काहीतरी लपवतोय, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं, आणि नंतर तुम्ही सेल बदलायला वळलात तरी मी मान लांब करून बघायचे.

मग बाईंचा टीव्ही. तुम्हाला आठवत असतीलच, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, निम्म्या पेठेला त्यांनी बाराखडी शिकवलेली. त्यांचे मिस्टर अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, उजवा हात तेवढा चालायचा, त्या हातात रिमोट. टीव्ही पहिल्यांदा आला तेव्हा चित्र आकसलेलं होतं. तुम्ही नीट करून दिलंत. पंधरा दिवसांत परत, रंग गेलेला. तिसऱ्यांदा रिक्षातून टीव्ही उतरवताना बाई रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, "यांचा दिवस जात नाही हो टीव्हीशिवाय. काल तर मला म्हणाले, मला खिडकीकडं तरी तोंड करून ठेव." तुम्ही मागं सोल्डरिंग करत होता. बाईंनी बरोबर आणलेला रिमोट मी सहज घेतला आणि एकेक बटण दाबत गेले. लाल बटण दाबलं, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं.

आत्ताही ती मला जशीच्या तशी दिसतायत. मी रिमोट हातात धरून वळते, आणि माझा आवाज चांगला वेशीपर्यंत जाईल एवढा मोठा आहे. "चाचा, गिऱ्हाइकाच्या रिमोटवर सर्व्हिसचा कोड कसा आला?" मग तुमचं उत्तर यायच्या आत बाईंकडं बघून, "बाई, हा कुणीतरी मुद्दाम भरलाय. म्हणून तुमचा टीव्ही सारखा बिघडतो." तुम्ही इस्त्री खाली ठेवता, सोल्डरिंगची, येता, माझ्या हातातून रिमोट घेता. लाल बटण दाबत नाही. दुसरंच, खालच्या ओळीतलं घड्याळाचं बटण दाबता, आणि टीव्हीचा आवाज बंद होतो. त्या शांततेत तुम्ही माझ्याकडं बघता. मी तुमच्या नजरेला नजर देते, कारण मला वाटतंय की चोर सापडलाय. मग तुम्ही बाईंना म्हणता, "माफ करा बाई. मेरे दुकान की गलती है." दातानं पट्टी तोडता आणि लाल बटणावर चिकटवता.

कबूलच केलं म्हातारबानं, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई विड्या वळत बसली होती. सुपातलं पान हातात तसंच धरून म्हणाली, "त्या मानसानं चार वर्सं तुला हाताला धरून शिकिवलं. येकट्याला गाठून इचारायचं तरी हुतं की. चारचौघांत कशापायी?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, मी डोळ्यांनी बघितलंय. आई म्हणाली, "डोळ्यानं बटान बघितलंस. भरताना बघितलंस का?" मी ताट घेऊन उठले. पुढच्या आठवड्यात सात रस्त्याजवळ एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लागले.

बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि गप्प बसणाऱ्यातल्याही नव्हत्या. त्यांनी ज्यांना बाराखडी शिकवली त्या सगळ्यांना हेही शिकवलं, की त्या दुकानात टीव्ही देऊ नका, म्हातारा आत काहीतरी भरून ठेवतो. वर्षभरात तुमच्या दुकानातली टीव्हीची रांग गेली. मी एकदा बसमधून जाताना बघितलं, तुम्ही दारात स्टुलावर बसून कुणाचा तरी ट्रान्झिस्टर कानाला लावून हलवत होता. बस सिग्नलला उभी होती, मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडं मान वळवली.

त्यानंतर एक दिवस तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात, मी कामावर असताना, वही द्यायला. आईनं चहा केला, तुम्ही पायरीवरच बसलात म्हणे. शंभर पानी वही, सगळे कोड, कंपनीवार, सुवाच्य मराठीत. शेवटच्या पानावर चौकटीत लिहिलेलं: लाल बटण फक्त दुकानाच्या रिमोटला, गिऱ्हाइकाला कधीच द्यायचं नाही. मला काय वाटलं सांगू? मी वही उजेडात धरली. शाई ताजी होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच पेन. म्हटलं, बघा, आता पुरावा तयार करतोय. निर्दोष असल्याचा कागद लिहून माझ्याच घरी पोचवतोय. मग मी त्यातला एकेक कोड तपासला, एखादा तरी चुकीचा घातला असेल म्हणून. महिनाभर तपासत होते. एकही चुकीचा नव्हता. तरी मी आले नाही. दोन पावसाळ्यांनी तुम्ही गेल्याचं आईनंच सांगितलं. ती जाऊन आली. मी त्या दिवशी कामावर गेले आणि वेळेवर घरी आले.

आज माझं जुळे सोलापुरात दुकान आहे, आणि ते त्या वहीवर उभं आहे. तुमचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर आज बाई आल्या. रिक्षावाल्यानं हाताला धरून उतरवलं. मिस्टर केव्हाच गेले, त्या आता मुलाच्या फ्लॅटमध्ये इकडंच राहतात. त्यांनी मला ओळखलं. आता सेट-टॉप बॉक्सचा एक रिमोट, टीव्हीचा एक, दोन्हींवर मुंग्यांएवढी अक्षरं, सून नोकरीला, म्हणून पिशवीतून हा जुना रिमोट काढून म्हणाल्या, "यासारखा मोठ्या बटणांचा एकच दे गं करून. हा मी ठेवला होता, यांच्या हातातला म्हणून." मी म्हटलं, बसा बाई, अर्धा तास लागेल. आणि आधी तुमचाच रिमोट घेतला.

रिमोटला कोड विचारता येतो, हे मला वहीतून कळलं. नऊशे नव्वद दाबायचं, मग एक दाबलं की पहिल्या आकड्याएवढ्या वेळा दिवा लुकलुकतो, दोन दाबलं की दुसऱ्या, तीनला तिसऱ्या. शून्याला लुकलुकत नाही. मी नवे सेल घातले, नऊशे नव्वद दाबलं आणि एक दाबलं. दिवा गप्प. दोन, गप्प. तीन, गप्प. म्हणजे या रिमोटमध्ये कोडच कुणी भरलेला नव्हता, कंपनीतून आला तसा तो कोरा होता. तरी तो बाईंच्या घरी वर्षानुवर्षं चालला. असं एकाच तऱ्हेनं होतं. दोन रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि एकाचं बटण दाबून दुसऱ्याला शिकवायचं, एकेक करत. कोड लागत नाही. तुम्ही हे कधीच केलं नाही. तुम्हाला त्याचा तिटकारा होता. म्हणायचात, "नक्कल में ऐब भी आता." ते का म्हणता हे मात्र कधी सांगितलं नाहीत.

माझ्यातला संशयखोर लगेच जागा झाला. म्हटलं, सेल जुने होऊन कोड पुसला गेला असेल. पण मग बाकीची बटणंही गेली असती. म्हटलं, चाचांनीच एखादवेळी घाईत नक्कल केली असेल. मग मी मोबाइलचा कॅमेरा लावला. रिमोटच्या टोकाचा, टीव्हीला खूण देणारा दिवा डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यात जांभळा दिसतो. आवाज बंद करायचं बटण दाबलं, काहीच नाही. घड्याळाचं बटण दाबलं, जांभळा उजेड. कोपऱ्यात मी एक जुना डबा टीव्ही तपासणीला ठेवलाय, त्याच्यावर दाबून बघितलं. घड्याळाच्या बटणानं आवाज बंद झाला. चाचा, असं जगात एकाच रिमोटवर होतं. तुमच्या दुकानाच्या रिमोटचं आवाज बंद करायचं बटण झिजून गेलं होतं, म्हणून तुम्ही ते काम घड्याळाच्या बटणावर बसवलं होतं.

आणि त्या रिमोटवरून नक्कल करणारं माणूसही एकच होतं. तुमच्या मुलीचं बाळंतपण होतं, तुम्ही आठ दिवस कुर्डुवाडीला गेला होता, जावयाच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. जाताना वही बरोबर घेऊन गेलात, माझ्यावर विश्वास नाही म्हणून, निदान मला तसंच वाटलं. इकडं क्रिकेटचे सामने सुरू, दुकानात रिमोटसाठी झुंबड. खोक्यातल्या यादीत एकेका कंपनीचे दहा-दहा कोड, ते लावून बघायला वेळ नव्हता. दुकानाचा रिमोट मात्र खुंटीला होता, नेमका सगळे मागत होते त्याच कंपनीच्या टीव्हीचा कोड चढवलेला. मी तोंडाला तोंड लावलं आणि सगळी बटणं शिकवून टाकली, लाल कशाचं आहे ते न कळता तेही. माणसाच्या हातात रिमोट पडला की तो खुश, मी खुश. बाईंचा रिमोट त्याच आठ दिवसांतला. हे मी विसरले होते, असं लिहायचं मनात होतं. पण मला खात्री नाही. त्या वेळी दुकानात हिरवी अक्षरं दिसल्यावर माझा आवाज इतका का चढला, हे मी स्वतःला आजपर्यंत कधी विचारलेलं नाही.

चाचा, मला तुमचा रागही येतो. एकदा, फक्त एकदा सांगितलं असतंत, की पोरी, या लाल बटणावर सर्व्हिसचा कोड आहे, हे कुणाला देऊ नको, तर मी कशाला दिलं असतं? तुम्ही फटका मारलात, कारण सांगितलं नाहीत. आणि तुम्हाला तिथंच कळलं होतं. तुम्ही लाल बटण दाबून बघितलंच नाहीत, घड्याळाचं दाबलंत. आवाज बंद झाला आणि तुम्हाला कळलं की ही नक्कल आहे आणि ती कुणी केली. 'मेरी गलती' असं नाही म्हणालात, 'मेरे दुकान की' म्हणालात. मी ते इतकी वर्षं कबुलीजबाब म्हणून मिरवत होते. मला वाचवायचं म्हणून गप्प बसलात, की माझी चूक माझी मी शोधावी म्हणून? दुसरं असेल तर फार मोठी शिक्षा केलीत. मला अजूनही नक्की ठरवता येत नाही, आणि तुमच्याबद्दल चांगलं गृहीत धरायची सवय मला लागलेली नाही.

वही मात्र मी मघाशी परत काढली. शाई एकाच पेनाची, कारण ती वही तुम्ही नव्यानं लिहिली होती. मूळची उर्दूत होती. मला वाचता यावी म्हणून तुम्ही त्या वयात, त्या चष्म्यानं, शंभर पानं मराठीत उतरवून काढलीत. हे कळायला मला इतकी वर्षं लागावीत, याची मला आज लाज वाटते. दुकानात बाई बसलेल्या, म्हणून रडता आलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्न नाही. तुमच्या मुलीचा कुर्डुवाडीचा पत्ता आईकडं आहे. तिला पाठवता येईल. तिच्या वडिलांचं दुकान कशानं गेलं हे कळायचा तिला हक्क आहे, आणि पाठवायचं म्हणूनच मी लिहायला बसले होते. पण पाठवणार नाही. इथपर्यंत जे लिहिलं त्यात मी निदान चूक कळलेलं माणूस आहे. पुढचं तिला वाचायला देण्याची माझी हिंमत नाही.

बाईंचा नवा रिमोट मी हातानं कोड भरून तयार केला, लाल बटण रिकामं ठेवलं, प्रत्येक बटण त्यांच्याच अंगठ्यानं दाबून घेतलं. त्या उठल्या, पिशवी सावरली आणि दारात थांबल्या. म्हणाल्या, "एक विचारू का गं? ते चाचा गेल्यापासून माझ्या मनाला लागून राहिलंय. मी फार बोलले होते त्यांना, गावभर बोलले. भला माणूस वाटायचा. खरंच त्यांनीच केलं होतं ना ते?" जुना रिमोट अजून माझ्या हातात होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाई ऐंशीच्या पुढच्या, कान देऊन माझ्याकडं बघत होत्या, आणि मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं.

मी म्हणाले, "हो बाई, त्यांनीच."